बोअरचं पाणी, पोत्यातलं मीठ

माझ्या मुलीचे दात मी एकदा भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, माझ्या बोटाने घासले. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. कोळसा आणि मीठ एकत्र कुटून केलेली पूड मी तळहातावर घेतली, तिची हनुवटी धरली आणि "आज हे पिवळं निघाल्याबिगर सोडणार न्हाई" म्हणत पुढच्या दातांवर घासत राहिलो. दुकानात दोन बायका होत्या आणि गावातला एक ट्रॅक्टरवाला होता. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "अण्णा, दात घासायलाव का तवा?" बायका हसल्या. मीही हसलो. मुलगी हसली नाही. तिच्या हिरडीतून रक्त आलं तेव्हा मी थांबलो. रक्ताला घाबरून थांबलो असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मी थांबलो ते ट्रॅक्टरवाल्याला बिडीचं बंडल काढून द्यायचं होतं म्हणून.

ते डाग घासून जाणारे नव्हते, हे मला दीड वर्षानं कळलं. ते कशाने पडले हेही तेव्हाच कळलं. आता लिहून ठेवतो आहे.

आमचं गाव बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात, खटकचिंचोळीपासून फार लांब नाही. घरात आम्ही मराठी बोलतो, देवपूजा कानडीत करतो आणि दुकानात गिऱ्हाईक येईल तसं, दखनी उर्दूतसुद्धा. किराणा दुकान वडिलांचं. त्याच्या मागं घर. मुलगी एकुलती एक, आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर झालेली. ती जेमतेम रांगायला लागली होती त्या उन्हाळ्यात गावातली विहीर तळाला गेली आणि मी घरामागं बोअर मारला.

पहिले तीनशे फूट नुसती धूळ निघाली. बोअरच्या गाडीवाल्यानं "बस का मालक?" असं तीन वेळा विचारलं. मी बस म्हणालो नाही. सव्वाचारशे फुटांवर पाणी लागलं आणि सगळी गल्ली बघायला आली. बायकोनं मोटारीला हळदकुंकू लावलं, मी नारळ फोडला. भिंतीतून एक नळ बाहेर काढून दिला, गल्लीतल्या कुणीही यावं आणि घागर भरून न्यावी म्हणून. आमच्याकडं पाणी अडवणाऱ्याला लोक माणसात धरत नाहीत, आणि पाणी देणाऱ्याला जरा जास्तच मान देतात. तो मान मला आवडायचा. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. चव थोडी खडू चाटल्यासारखी, पण आठ दिवसांत तीही कळेनाशी झाली.

पुढं गावाच्या दुसऱ्या टोकाला पंचायतीनं पाणी शुद्ध करायचा प्लांट बसवला. बायको म्हणाली, "प्यायापुरतं तिथलं आणू का?" मी म्हणालो, "घरात गंगा आणून ठेवलीय आन् तू डबकं कामून हुडकायलीस?" गल्लीतल्या लोकांनीही तेच धरलं. अण्णा स्वतः पितात म्हटल्यावर पाणी चांगलंच असणार.

आता मिठाचं सांगतो.

दुकानात पाकिटातलं बारीक मीठ होतंच. ते मी साऱ्या गावाला विकायचो. शिवाय खड्याच्या मिठाची पोती यायची. ती शेतकरी जनावरांना चाटायला आणि कातड्याच्या कामाला न्यायचे. त्या पोत्यावर निळ्या अक्षरांत कानडीत आणि इंग्रजीत छापलेलं असायचं की हे मीठ माणसांच्या खाण्यासाठी नाही. मला दोन्ही वाचता येतं. तरी आमच्या घरात तेच मीठ खाल्लं जायचं. माझं म्हणणं असं, की पाकिटातल्या मिठात सरकार औषध घालतं, त्यानं लोणचं काळं पडतं आणि हळूहळू माणूसही बिघडतो. माझे वडील खड्याचंच मीठ खाऊन ऐंशी वर्षं जगले. गावाला पाकीट विकायचं आणि घरी पोतं उघडायचं, यात मला मोठं शहाणपण वाटायचं. पोत्यातल्या मिठात माती असायची म्हणून बायको ते दोन पाण्यांतून धुऊन गच्चीवर वाळवायची आणि चुलीशेजारी उघड्या मडक्यात भरून ठेवायची.

अंगणवाडीच्या ताईनं एकदा तिला सांगितलं, की घरात मूल आहे तर आयोडीनचं मीठ वापर. तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "तिचा नवरा किराणा दुकान चालवतो का तुझा?"

बायकोनं पुन्हा विचारलं नाही. माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे ती तोपर्यंत शिकली होती. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

मुलीत बदल होतोय हे पहिल्यांदा बायकोच्याच लक्षात आलं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिनं पोरीचा जुना युनिफॉर्म काढला, पोरीला घालून बघितला आणि तसंच तिला दुकानात घेऊन आली.

"आवं, ह्ये बघा. दोन वर्षं झाली, तोच बसायलाय."

"कापड चांगलं निघालं," मी म्हणालो.

"मी कापडाचं न्हाई म्हणायले. पोरगी वाढंना झालीय."

"तू तरी कुठं वाढलीस? आईवर गेलीय."

बायको बुटकी आहे. ती पोरीला घेऊन आत गेली. मी नव्या युनिफॉर्मचा खर्च वाचला म्हणून खूश झालो.

त्यानंतरच्या वर्षात एकेक गोष्ट होत गेली आणि प्रत्येकीला माझ्याकडं उत्तर होतं. भर चैत्रात ती गोधडी घेऊन बसायची. मी म्हणायचो, नखरे. तिचे हातपाय कोरडे पडले, नखानं ओढलं तर पाटीवर उमटावी तशी पांढरी रेघ उमटायची. मी म्हणायचो, अंघोळ नीट करत नाही. सकाळी उठवताना आईला चार हाका माराव्या लागत. शाळेतून आली की दप्तरासकट पोत्यांवर झोपायची. कंगव्यात केस यायचे. आवाज घोगरा झाला. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण ती लावायची नाही, लावलं की गळा आवळतो म्हणायची. मला तो उद्धटपणा वाटला. दोन वेळा मी स्वतः ते बटण लावलं आणि शाळेत पाठवलं.

आणि दात. दुधाचे पडून नवे आले तेव्हापासूनच त्यांच्यावर खडूसारखे पांढरे पट्टे होते. मग ते पिवळे झाले, मग काही ठिकाणी तपकिरी. गल्लीतल्या बाकी पोरांचेही दात थोडेफार तसेच होते. पण ती मला निष्काळजी आईबापांची पोरं वाटायची. माझ्या पोरीचे दात तसे का, याचं माझ्यापुरतं उत्तर एकच होतं, ती आळशी आहे.

ती आधी अशी नव्हती. सात-आठ वर्षांची असताना ती दुकानातल्या प्रत्येक डब्यावरचं नाव मराठी, कानडी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वाचून दाखवायची. बसवजयंतीला मठात बसवण्णांची कानडी वचनं म्हणायची, एका दमात, न अडखळता. लोक मला विचारायचे, "अण्णा, पोरीला कलेक्टर करणार काय?" मी वरवर "कशाचं काय" म्हणायचो आणि आतून फुगायचो.

बारावं लागलं त्या वर्षी ती वचन म्हणायला उभी राहिली आणि तिसऱ्या ओळीला थांबली. पुढचं आठवेना. माईक हातात धरून ती तशीच उभी. समोर सारं गाव. स्वामींनी हळूच पुढचा शब्द सांगितला, तरी तिला सापडेना. खाली उतरून ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी सरकून थोडं अंतर केलं. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. जेवताना बायकोला म्हणालो, "सातवी झाली की बस. हिच्यात आता दम न्हाई. दुकानात बसंल, मग बघू पुढं." मुलगी समोरच जेवत होती. तिनं मान खाली घालून भाकरी मोडली.

माझ्या तोंडचं हे वाक्य म्हणजे तिची शाळा सुटणार होती. आमच्या भागात मुलीची शाळा एकदा सुटली की पुढं काय होतं हे मला ठाऊक होतं. तरी मी बोललो.

त्याच वर्षी शाळेत तपासणीचे डॉक्टर आले. सगळ्या मुलांचे डोळे, दात, वजन, उंची बघितली. दुपारी मुलगी एक चिठ्ठी घेऊन दुकानात आली.

"अप्पा, ही घरी द्या म्हणलेत. बीदरला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणलेत."

चिठ्ठीवर तिचं नाव, वजन, उंची होती. खाली पेनानं तीन गोष्टी लिहिल्या होत्या. गळ्याच्या गाठीला सूज आहे, रक्त तपासावं. दातांवर फ्लोराइडचे डाग दिसतात, पिण्याच्या पाण्याचा नमुना तपासावा. घरातलं मीठ कोणतं ते विचारावं.

पहिली ओळ मी वाचली आणि पुढं गेलो. दुसरी वाचून माझं डोकं तापलं. गेली दहा वर्षं गल्ली माझ्या नळावर पाणी भरते आहे आणि कालचा पोरगा डॉक्टर माझ्या बोअरला नावं ठेवतो. आणि तिसरी ओळ वाचताना मनात कुठंतरी काहीतरी टोचलं, कारण त्या घटकेला माझ्या पाठीमागं निळ्या अक्षरांचं ते पोतं उभं होतं. म्हणूनच असेल, मी घाईनं चिठ्ठी जुन्या कागदांच्या तारेला टोचली. दुकानात एक आकडा टांगलेला असतो, नको असलेले पण फेकवत नाहीत असे कागद त्याला टोचतात.

"बघू," मी म्हणालो.

तिनं "बरं" म्हटलं आणि आत गेली. मी बायकोला एवढंच सांगितलं, की उद्यापासून पोरीला पाणी उकळून दे. तिनं कारण विचारलं तर "पावसाळी दिवस हायत" म्हणालो. पाऊस तेव्हा नव्हता.

सात महिने ती चिठ्ठी तारेला होती. तिच्यावर आणखी कागद चढत गेले.

पुढं जे झालं ते शाळेतल्या टीचरमुळं. त्या कलबुर्गीकडच्या, कानडी बोलणाऱ्या. मराठी सावकाश, शब्द निवडून बोलायच्या. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्या साखर घ्यायला आल्या. बायको काउंटरवर होती, मी आतून तेलाचा डबा ओढत होतो.

"मुलीचा रिपोर्ट काय आला?" टीचरनी विचारलं.

"कसला रिपोर्ट?"

"दवाखान्याचा. चिठ्ठी दिली होती ना. तिच्याबरोबरच्या दोघी जाऊन आल्या. मुलगी हुशार आहे हो, पण वर्गात झोपते. मला वाटलं तुम्ही औषध सुरू केलं असेल."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी तेलाच्या डब्याकडं बघितलं. मुलगी पोत्यांवर बसून पुस्तक चाळत होती. तिनं मान वर केली आणि बोट दाखवलं.

"तिथं हाय. तारेला."

म्हणजे सात महिने तिला माहीत होतं. ती रोज शाळेतून येऊन त्या तारेसमोर बसत होती.

बायकोनं तारेवरचे कागद एकेक करून काढले. टीचर साखर हातात धरून उभ्या. चिठ्ठी निघाली, मधोमध भोक पडलेली, नेमकं मुलीच्या नावावर. बायको माझ्याशी भांडली नाही. टीचर गेल्यावर फक्त म्हणाली, "सोमवारी सकाळची गाडी. तुमी येणार आसाल तर या, न्हाईतर आम्ही जातो."

मी गेलो. बसमध्ये मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून भालकीपासून बीदरपर्यंत झोपली. दवाखान्यात रक्त घेतलं आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी मुलीला समोर स्टुलावर बसवलं, पाणी प्यायला दिलं आणि ती गिळताना गळ्याकडं बघायला आम्हाला सांगितलं. गळ्याच्या खालच्या भागात काहीतरी भरल्यासारखं वर-खाली झालं. ते बटण मी दोनदा लावलं होतं.

"थायरॉईड कमी पडतंय," बाई म्हणाल्या. "घरात मीठ कुठलं खाता?"

"पाकिटातलं," मी म्हणालो.

मी हे का म्हणालो ते आजही नीट सांगता येत नाही. तोंडातून आपोआप आलं. बायको भिंतीवरच्या चित्राकडं बघत राहिली. तेवढ्यात मुलगी तिच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "न्हाई अप्पा, पोत्यातलं. आई धुऊन वाळवती ते."

तिला वाटलं असावं की मी विसरलो. तिच्या बोलण्यात चूक काढल्याचा सूर नव्हता. बापाला आठवण करून द्यावी तसं बोलली.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं फार वेळ बघितलं नाही. वहीत लिहिता लिहिता विचारलं, "तुमचा धंदा काय?"

"किराणा."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात सगळं आलं.

मग त्यांनी समजावलं. त्या चांगल्या होत्या, आवाज चढवला नाही. "बिदरी काम बघितलंत ना? कारागीर कितीही हुशार असू द्या, चांदीची तार नसली तर नक्षी कशानं भरणार? गळ्यातली ही ग्रंथी तसा कारागीर आहे आणि आयोडीन ही त्याची तार. आयोडीन मिळेना म्हणून ती जास्त राबली, राबून फुगली, तरी काम पुरं होईना. मुलांची उंची, डोकं, झोप, अंगातली ऊब, सगळं तिच्या हातात असतं. साध्या मिठात आयोडीन नसतं. आपल्या जेवणात ते इतर कशातून फारसं मिळत नाही, म्हणून मिठात घालतात. लोक औषध औषध म्हणतात ते तेच."

"आन् पाणी?" बायकोनं विचारलं. "ह्यांनी उकळून द्या म्हणलं होतं."

"उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, ते मागं राहतं. दातांचे डाग पाण्याचे, हे मी खात्रीनं सांगते. दात हिरडीत तयार होत असतानाच ते पडतात. घासून जात नाहीत." हे बोलताना त्यांना आमच्या दुकानातलं काही माहीत नव्हतं.

"थायरॉईडपण पाण्यानंच का?" मी विचारलं. मला वाटतं, मी पाण्याचा किंवा मिठाचा, कुठलातरी एक गुन्हा कमी व्हावा म्हणून विचारत होतो.

"ते मी शपथेवर सांगू शकत नाही. काही ठिकाणच्या अभ्यासात दिसलंय, की फ्लोराइड जास्त आणि आयोडीन कमी असं दोन्ही एकत्र आलं तर मुलांच्या थायरॉईडवर ताण वाढतो. पण डॉक्टरांत यावर एकमत नाही. मी मिठावर बोट ठेवीन आणि पाण्यावर संशय ठेवीन. दोन्ही बदला. आणखी एक तपासणी करू, दुसरं कारण नाही ना ते बघायला."

दुसरं कारण निघालं नाही. मी डॉक्टरबाईंना विचारलं, की सात महिने उशीर झाला त्यानं काय गेलं? त्या म्हणाल्या, "सात महिने गेले." मग मुलीकडं बघून म्हणाल्या, "ती भरून काढेल. सगळं नाही, पण बरंच."

रोज सकाळी एक गोळी, उपाशीपोटी, आणि नंतर अर्धा-पाऊण तास काही खायचं नाही. आमच्या घरात लिंगपूजेआधी तोंडात काही घालत नाहीत. बायको चिंतेत पडली, गोळी पूजेआधी चालेल का. मुलगी म्हणाली, "आई, गोळी काय उप्पीट हाय व्हय?" बऱ्याच महिन्यांनी ती असं काही बोलली होती. गोळी आधी, पूजा नंतर, मग न्याहारी, असं बसलं.

पोतं त्याच दिवशी घरातून निघालं. मडक्याऐवजी झाकणाची बरणी आली. बायको मीठ आता धुवत नाही आणि आयोडीन उडून जाऊ नये म्हणून भाजी उतरवताना घालते. पाण्याचा नमुना मी स्वतः बीदरला नेऊन दिला. रिपोर्ट आला तो टीचरनी वाचून सांगितला, कारण मला तो स्वतः वाचायचा धीर झाला नाही. पिण्याजोगं नाही, असं होतं.

भिंतीतून बाहेर काढलेल्या नळावर मी स्वतः लाल रंगाचा पट्टा मारला. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. मी सांगितलं, की हे पाणी भांड्यांना, जनावरांना, धुण्याला. प्यायला प्लांटचं आणा. एका म्हातारीनं विचारलं, "आन् इतकी वर्षं जे पिलाव ते?" घरोघरी जाऊन मी सांगितलं, पोरांना बीदरला दाखवून आणा. काहीजण गेले. दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

गोळी सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांत मुलगी एका सकाळी आईच्या आधी उठली. आम्ही दोघंही घाबरलो, काय झालं म्हणून. काही झालं नव्हतं, तिची झोप पुरी झाली होती. वर्षभरात युनिफॉर्म घोट्याच्या वर चढला. बायकोनं तो मला आणून दाखवला आणि म्हणाली, "कापड आता वाईट निघालं बघा." सातवीनंतर शाळा बंद करायचा विषय माझ्या तोंडून पुन्हा निघाला नाही, आणि तिनंही काढला नाही. ती आठवीत गेली, नववीत गेली. सातवीत गणिताचं काही मागं राहिलं होतं ते टीचरनी रविवारी बसवून करून घेतलं.

पण मी माफी मागितली नव्हती. आमच्याकडं बाप मुलीची माफी मागत नाही. मी कधी ऐकलं नाही, बघितलं नाही. मी तिला नवं दप्तर आणलं. सायकल आणली. शिकवणीला घातलं. भालकीहून येताना तिला आवडतात म्हणून जिलब्या आणल्या. बायको हे सगळं बघत होती. एकदा जिलबीचा पुडा सोडताना म्हणाली, "समदं आणायलाव बाजारातून. तेवढा एक शब्द आणायला दुकान सापडंना व्हय तुमाला?"

शब्द माझ्याकडं होता. तो काढायला जो बाप लागतो तो मी नव्हतो.

गेल्या उन्हाळ्यात ती दहावी पास झाली, चांगल्या मार्कांनी. बीदरला कॉलेजला घालायचं, हॉस्टेलला ठेवायचं ठरलं. फॉर्मला फोटो लागतात म्हणून मी तिला भालकीला घेऊन गेलो. स्टुडिओवाला तरुण होता, गमत्या. "अक्का, हसा की जरा, कॉलेजला चाललाव, दवाखान्यात न्हाई," म्हणाला. ती ओठ मिटून हसली. "दात दिसू द्या की." ती तशीच ओठ मिटून बसली. त्यानं दोन-तीनदा सांगितलं आणि सोडून दिलं.

फोटो व्हायला अर्धा तास लागणार होता. आम्ही बाहेर बाकावर बसलो. समोर बस उभी होती, कंडक्टर उदगीर, उदगीर ओरडत होता. मी विचारलं, "हसली कामून न्हाईस?"

"सवय झालीय, अप्पा."

"कधीपासून?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "दुकानात तुमी घासलं होतं बघा. तवापासून." मग, सहज सांगावं तसं, "त्या ट्रॅक्टरवाल्या काकाला बघितलं की मी अजून दुसऱ्या गल्लीनं जाते."

पाच वर्षं ती दुसऱ्या गल्लीनं जात होती. आणि मला वाटत होतं, की त्या दिवशीचं तिला आठवतसुद्धा नसेल. चार दिवसांनी ती हॉस्टेलला जाणार होती. मग ती सुट्टीला येईल, पाहुण्यासारखी येईल, आणि हे असंच मिटलेल्या ओठांच्या आड राहील, असं माझ्या मनात आलं. कंडक्टर ओरडतच होता. आजूबाजूला माणसं होती. तेव्हाही होती, आताही असू देत, असं मला वाटलं. मी तिच्याकडं वळलो.

"माय, माय माझी, ऐक. तुझे दात घाण नव्हते. पाणी माझं होतं. मीठ मी आणलं होतं, पोत्यावरचं वाचून आणलं होतं. तुझी चिठ्ठी मी तारेला टोचली आन् डॉक्टरबाईपुढं खोटं बोललो. तू आळशी नव्हतीस, आजारी होतीस, आन् मी चारचौघांत तुला हसलो. माझं चुकलं. मला माफ कर."